तीन बटणं उरली तेव्हा

"मग आता कुठला खेळ आणू, बाई?"

असं म्हणून सन्मती उपाध्येनं आपली पिशवी माझ्या कापायच्या टेबलावर पालथी केली. फासे, पत्ते, रंगीत चकत्या, काड्यांचे जुडगे, सापशिडीचा पट... सगळं एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टच्या कापडावर, मी नुकतंच खडूनं आखलेल्या.

मी खडू बाजूला ठेवला, रागावलो नाही. गुरुजी झाला तरी पोरगा आपलाच. ह्याची पहिली अर्धी चड्डी मीच शिवलेली.

बाई बाकावर बसून माझी बटणं निवडत होत्या.

मगदूमबाईंचं हे रोजचं. चौतीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवलं, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. चार वाजले की माझ्या दुकानात येतात, बटणांचा डबा मांडीवर घेतात, आणि शर्टाची वेगळी, कोटाची वेगळी, झबल्यांची वेगळी करत बसतात. मी दस्तगीर, शिंपी. बाईंचाच विद्यार्थी. त्यांच्याच हातून गणितात तीनदा नापास झालोय आणि तरी त्या मला चहा पाजतात.

"बत्तीस खेळ झाले, बाई," सन्मती म्हणाला. "बत्तीस! मधली सुट्टी झाली तरी माझी पोरं वर्गाबाहेर पडत नाहीत. पेपरात फोटो आला. शनिवारी तालुक्याहून अकरा शिक्षक येतायत, माझा वर्ग बघायला. आणि ती एक पोरगी..."

"कोण?"

"हाक्यांची मायाक्का. चौथीतली. आठ दिवस झाले, शाळेत पाऊल नाही."

"घरी गेला होतास?"

"आजच गेलो की. तिची आई, बनाबाई, मेंढरांना पाणी पाजत होती. म्हणाली, पोरगी शाळेत जात न्हाई म्हणती, मग तिला हितं कुणाच्या जिवावर ठेवू? परवा पहाटे आमचं बिऱ्हाड हलतंय. शाळेत जात असती तर मामीकडं ठेवली असती."

बाईंनी मान वर केली.

ह्यातलं गांभीर्य मला सांगावं लागलं नाही, आणि बाईंना तर नाहीच. आमच्याकडं धनगरांची बिऱ्हाडं दिवाळी सरली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ती मृगाला परत येतात. एकदा पोर मेंढरांमागं गेलं की वर्ष बुडतं. पुढच्या साली लहान पोरांत बसायची लाज वाटते आणि ते येतच नाही. अशी कितीतरी पोरं ह्या दुकानासमोरून गेलेली आम्ही दोघांनी बघितलीत.

"तिला काय येत नाही?" बाईंनी विचारलं.

"तेच तर! वर्गात तिच्याइतकं कुणालाच येत नाही!" सन्मतीचा आवाज चढला. "आणि बाई, त्या पोरीला मी सगळ्यात जास्त जिंकवलंय. सात स्टार. तक्त्यावर पहिलं नाव तिचं."

बाईंचा हात डब्यात थांबला.

"जिंकवलंय?"

"म्हणजे... प्रोत्साहन नको का द्यायला? हरलं की मूल खचतं. मग ते गणिताच्या वाटेलाच जात नाही. प्रशिक्षणात हेच सांगतात."

बाई पुन्हा डबा चाळायला लागल्या.

"काहीतरी बोला ना, बाई."

"कोटाचं एक मोठं बटण होतं ह्यात. सापडेना झालंय."

सन्मतीनं माझ्याकडं बघितलं. मी मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला. दोघांच्या मध्ये पडायचं माझं वय राहिलं नाही.

"मला तेहतिसावा खेळ सांगा," तो म्हणाला. "असा सांगा की ती पळत आली पाहिजे. तुमच्याकडं काहीतरी असणारच. उद्याचा एकच दिवस आहे हो!"

आणि बघा नशीब, दारात मायाक्का उभी!

तिच्या आईचं झंपर माझ्याकडं शिवायला होतं. वाटेवर घालायला दोन नवी झंपरं हवीत म्हणून बनाबाईनं तगादा लावला होता, एक काल नेलं, एक आज न्यायचं. पोरगी आत यायला आणि गुरुजी दिसायला एकच गाठ पडली. तिनं पाऊल मागं घेतलं.

"काका, झंपर द्या. आई वाट बघती."

झंपर तयार होतं. घडी घालून ठेवलेलं. मी बाईंकडं बघितलं, बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"दोन हुक लावायचे राहिलेत गं," मी म्हणालो. "बस जरा."

अल्ला माफ करो. मी घडी उलगडली आणि चांगले लावलेले दोन हुक कात्रीनं उसवायला बसलो.

तोवर सन्मतीचं सुरू झालं होतं. "अरे वा वा! कोण आलंय! आमची चॅम्पियन! मायाक्का, बघ तर मी काय काय आणलंय... हा फासा बघितलास का, बारा बाजूंचा..."

पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"दस्तगीर," बाई म्हणाल्या, "ह्याला चार टाचण्या दे."

"टाचण्या?"

"तू कसा धरतोस कामाच्या वेळी ओठात? तशा. सन्मती, धर."

"मी? कशाला, बाई?"

"धर."

त्यानं धरल्या. काय करतो बिचारा, चौथीत त्यांच्याच वर्गात होता. चार टाचण्या ओठांत, डोकी बाहेर, टोकं आत. मी रोज तसाच असतो, सवय लागते. नवख्या माणसाला मात्र हसताही येत नाही आणि बोलता तर येतच नाही.

"गिळू नका हं, गुरुजी," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा हुकांकडं वळलो.

मायाक्काला हसू आलं. तिनं ते दाबलं.

बाईंनी बाकावर वीस बटणं ओतली. पांढरी, शर्टाची.

"येतो हा खेळ?"

"येतो. आमच्या वर्गात हाय. एका टायमाला एक, दोन न्हाईतर तीन उचलायची. शेवटचं बटण ज्याच्या हातात, त्यो जिंकला." ती बोलली आणि लगेच हात पाठीमागं घेतले. "पण मी न्हाई खेळत."

"का?"

"तुमी मुद्दाम हरणार."

सन्मतीच्या ओठातल्या टाचण्या हलल्या.

"मी?" बाई म्हणाल्या. "मी कुणाला एक बटण सोडत नाही. ह्या दस्तगीरला विचार."

"तीनदा नापास केलंय गं मला," मी म्हणालो. "एकेका मार्कानं."

"शपथ घ्या."

"कुणाची?"

"बिरोबाची."

"बिरोबाची शपथ. मला जमेल तितकं मी तुला हरवणार."

मायाक्का दोन पावलं पुढं आली. मग सन्मतीकडं बोट करून, त्याच्याकडं न बघता, म्हणाली, "गुरुजी मुद्दाम हरत्यात."

"कशावरून?"

"सातव्या डावाला तीन बटणं उरली हुती. पाळी गुरुजींची. तीनच्या तीन उचलली असती तर जिंकले असते. पहिलीतल्या पोरालाबी कळतंय. त्यांनी एकच उचललं." तिचा आवाज चिरकला. "आनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. माझ्या वहीवर स्टार लावला. मी घरी आईला सांगितलं हुतं, मी गुरुजींना सातदा हरवलं म्हणून. आई गल्लीत सांगत सुटली... म्या एकदाबी हरवलं नव्हतं."

सन्मतीचा हात ओठांकडं गेला. बाईंनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. हात खाली आला.

"बस," बाई मायाक्काला म्हणाल्या. "आधी तू."

ती बसली. तीन उचलली. बाईंनी एक. तिनं दोन, बाईंनी दोन. तिनं एक, बाईंनी तीन. तिनं तीन, बाईंनी एक. आता चार उरली. तिनं दोन उचलली आणि बाईंनी उरलेली दोन मुठीत घेतली.

"हरलीस."

"परत!"

परत मांडली. परत हरली.

"परत!"

तिसरा डाव. चौथा. पाचवा तर इतक्या लवकर संपला की माझा एक टाका होईस्तोवर बाईंची मूठ बंद. दया नाही, माया नाही, "शाब्बास, छान प्रयत्न" नाही. "हरलीस" म्हणायचं आणि बटणं पुन्हा मांडायची. सहाव्याला पोरीचे डोळे भरले. सन्मतीनं दोन्ही हात जोडून बाईंपुढं धरले. तोंडातून "उं... उं..." असा आवाज. एकदा तरी जिंकू द्या, असं त्याचं चाललं होतं, कुणालाही कळलं असतं.

बाईंनी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

"रडतेस?"

"न्हाई!" मायाक्कानं मनगटानं डोळे पुसले. "मांडा!"

सातवा हरली. आठवा हरली आणि बाकावर अशी जोरात थाप मारली की माझी कात्री खाली पडली.

"थांबा! बटणं उचलू नका! चार उरली की मी मरती. दर टायमाला! माझी पाळी आनी चार बटणं... मी एक घेतलं तर तुमी तीन घेता. मी तीन घेतली तर तुमी एक. मी कायबी केलं तरी मेलेच!"

तिनं बाईंच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय का न्हाई?"

"मला काय विचारतेस? बटणांना विचार."

सन्मती उभा राहिला होता. कधी उभा राहिला मला कळलं नाही. हुक लावायचे सोडून मी पण उभा होतो, आणि दारात एक गिऱ्हाईक चौकशीला आलं त्याला मी हातानंच उद्या ये म्हणून सांगितलं.

नवव्या डावाला ती सावकाश खेळली. आठ उरली, पाळी तिची. हात बटणांवर नेला आणि तसाच राहिला.

"आठला बी मरतंय..." ती पुटपुटली. "एक घेतलं, बाई तीन घेणार. चार. दोन घेतली, दोन घेणार. चार... आग बाई! आठला बी मेलेच की!"

तो डाव तिनं तिथंच टाकला. बाकावर गुडघे टेकून चढली. वीस बटणं स्वतः मांडली. चार-चारचे ढीग केले, बोटानं एकेक ढीग मागं सारत गेली.

"चारला मेली. आठला मेली. बाराला... बारालाबी मेली. सोळा..."

बोट शेवटच्या ढिगावर आलं.

माझ्या अंगावर काटा आला हो! मला गणितातलं काय कळतंय, पण त्या पोरीच्या तोंडाकडं बघून आला.

"वीस," ती म्हणाली. मग बाईंकडं बघितलं. मग पुन्हा बटणांकडं. "बाई... म्या एकबी बटण उचललं नव्हतं, तवाच मी हरले हुते?"

तिनं बोट बाईंवर रोखलं.

"तुमी मला दर टायमाला आधी तू, आधी तू म्हणत हुता! लबाड हाय तुमी!"

"आहे," बाई म्हणाल्या.

पोरगी हसली. आठ दिवसांनी हसली असावी. बाकावरून उडी मारली, दुकानात एक गिरकी घेतली, आणि कमरेवर हात ठेवून बाईंसमोर उभी राहिली.

"आता आधी तुमी!"

बाईंनी पदर सावरला. एक बटण उचललं. मायाक्कानं तीन. बाईंनी दोन. मायाक्कानं दोन. बाईंनी तीन. नऊ उरली. पोरीला इतकी घाई झाली होती की तिनं झटक्यात दोन उचलली.

"उंऽऽ!" सन्मती.

तिचा हात तोंडावर गेला. पण उचललेलं बटण खाली ठेवायचं नसतं. सात उरली होती. बाईंनी तीन उचलली.

"चार," बाई म्हणाल्या. "हरलीस."

तुम्हाला खोटं वाटेल, मी बाईंवर चिडलो. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, परवा पोरगी मेंढरांमागं निघालेली, एक डाव सोडला असता तर काय बिघडलं असतं? माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या तरी मी बोललो नाही, एवढंच.

आणि पोरगी? पोरगी स्वतःच्या डोक्यात टपली मारत होती. "एकच घ्यायचं हुतं! एक घेतलं की आठ! ढब्बू कुठली! मांडा, मांडा, लवकर मांडा!"

मांडली.

ह्या वेळी तिनं एकेक बटण उचलताना ओठ हलवले. बाईंनी दोन, तिनं दोन. सोळा. बाईंनी एक, तिनं तीन. बारा. बाईंनी बराच वेळ घेतला, तीन उचलली. तिनं एक. आठ. बाई तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या. ती हलली नाही. बाईंनी दोन. तिनं दोन.

चार.

बाईंनी एक उचललं. पोरीनं तिन्ही बटणांवर अख्खा पंजा मारला.

"हरलाऽऽऽ!"

सन्मती नाचला! खरं सांगतो. दोन्ही हात वर, तोंडात चार टाचण्या, आणि नाचला. मी मशीनवर हात बडवला. बाहेर रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

बाईंनी डब्यातून आणखी एक बटण काढलं आणि वीसच्या शेजारी ठेवलं.

"एकवीस. आता?"

मायाक्का श्वास रोखून बघत राहिली. एक... दोन... तीन... मी मनात मोजत होतो.

"मी आधी," ती हळूच म्हणाली. "आनी एकच उचलणार."

बाई खेळल्याच नाहीत. सगळी बटणं डब्यात सारली.

"हरले," त्या म्हणाल्या. "सन्मती, काढ टाचण्या."

त्यानं काढल्या. ओठांवर चार खुणा उमटल्या होत्या.

"मायाक्का... माझं चुकलं."

"तुमी चुकला न्हाई," ती म्हणाली. "चुकला असता तर मी रुसले नसते. तुमी मुद्दाम हरला."

सन्मतीनं मान खाली घातली. त्याच्या शर्टाच्या खिशात स्टारांचं पाकीट होतं, तिथं हात गेला आणि परत आला.

मी झंपर घडी घालून दिलं. आता आणखी किती हुक उसवणार?

"उद्या शाळेत जाशील?" बाईंनी विचारलं.

"न्हाई." झंपर तिनं बगलेत धरलं. "तितं काय करू? गुरुजी परत हरतील. न्हाईतर मला तितलं सगळं येतंय म्हणून पोरांना शिकव म्हणतील. हे तर आता संपलं. आधी कुणी खेळायचं एवढं कळलं की झालं, मग बटणं उचलायचीबी गरज न्हाई."

ती दाराकडं निघाली. सन्मती खुर्चीत तसाच खाली बसला. मला वाटलं, झालं, गेली पोरगी मेंढरांमागं.

उंबऱ्यात ती थांबली.

"बाई... आनी समजा..."

"काय?"

"समजा असं केलं तर?" ती परत आली. डबा ओढला, वीस बटणं मोजून ओतली. "समोरच्यानं जितकी उचलली, तितकी आपण उचलायची न्हाईत. तुमी दोन उचलली, तर मला दोन बंद. मग एक न्हाईतर तीन."

"आणि एकच उरलं असेल, आणि समोरच्यानंही आत्ताच एक उचललं असेल तर?"

मायाक्कानं डोकं खाजवलं. "मग अडकला. अडकला त्यो हरला."

सन्मती पुढं वाकला. "सोपं आहे. ह्यातही चार-चारच. समोरच्यानं एक घेतलं तर आपण तीन, तीन घेतली तर एक. दोन घेतली तर आपण दोन..."

तो थांबला.

"दोन बंद," मायाक्का म्हणाली.

"दोन बंद..." सन्मती म्हणाला. "मग चारावर कसं आणायचं? तीन घेतली तर... थांब हां... एक घेतलं तर..."

त्यानं बोटं मोजली. बटणं सरकवली. परत सरकवली. केसांत हात घातला. पोरगी त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"गुरुजी, ह्यात कोण जिंकतंय? आधीचा का मागचा?"

सन्मतीनं बाईंकडं बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला माहीत नाही, मायाक्का."

"खरंच?"

"खरंच नाही माहीत."

"का मुद्दाम म्हणताय?"

"बिरोबाची शपथ." आणि ह्या जैनाच्या पोरानं धनगरांच्या देवाची शपथ इतक्या कळवळ्यानं घेतली की मी हसूसुद्धा शकलो नाही.

पोरीनं झंपर बाकावर फेकलं. "मग खेळा! आधी मी!"

दोघं बाकाच्या दोन टोकांना गुडघे टेकून बसले. तिनं एक उचललं, त्यानं तीन. दोघांनाही काही कळत नव्हतं. ती दोन उचलायला जायची, तो ओरडायचा, "दोन बंद! दोन बंद!" तो चुकून तीनवर हात न्यायचा, ती त्याच्या हातावर चापट मारायची. गुरुजींच्या हातावर! आणि गुरुजी म्हणायचे, "हो गं, हो, बंद, बंद."

आठ उरली. मायाक्कानं विचार करून दोन उचलली. सहा.

सन्मतीनं डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. मग एकदम तीन उचलली.

"हॅ! तीन उरली! आता मी तिन्ही..." म्हणून पोरीनं पंजा उगारला आणि तो हवेतच राहिला.

"तीन बंद," सन्मती म्हणाला.

तिनं एक उचललं. त्यानं उरलेली दोन झडप घालून घेतली आणि उठून ओरडला, "जिंकलो! जिंकलो! आईशप्पथ जिंकलो! बाई, मी जिंकलो!"

मग त्याला आठवलं की आपण गुरुजी आहोत. तोंड उघडंच राहिलं. हळूच पोरीकडं बघितलं.

पोरगी टाळ्या वाजवत होती.

"तीन ठेवून जिंकला! तीन ठेवून! मला दिसलंच न्हाई! काय ओ गुरुजी, खरंच जिंकला की!" तिचे डोळे असे चमकत होते की काय सांगू. "उद्या! उद्या शाळेत! मी घरी बसून हुडकती, आनी उद्या तुमाला सोडत न्हाई! पण हुडकलं तर सांगायचं न्हाई हं. मला न्हाई सांगायचं! आनी स्टारबी नको!"

"नाही सांगणार."

"आनी हरायचं न्हाई!"

"नाही हरणार. जमेल तितकं तुला हरवणार!"

"आईला सांगती, मी मामीकडं ऱ्हाती म्हणून!"

झंपर बगलेत मारून ती पळाली. वळणावर जाईपर्यंत तिचं मोजणं ऐकू येत होतं.

सन्मती दारात उभा होता. डोळे पुसले, नाक पुसलं. मला वाटलं आता पिशवी भरेल, माझं कापड मोकळं करील. कसलं काय. तो परत बाकाशी येऊन बसला आणि वीस बटणं मांडली. एक सरकवलं, तीन सरकवली, परत मांडली. मी दुकान झाडलं, मशीनवर कापड घातलं, तरी ह्याचं चाललेलंच.

बाईंनी चपला घातल्या.

"बाई..."

"काय?"

"ह्यात वीसला कोण जिंकतं? आधीचा की मागचा?"

बाई पायरी उतरल्या. सन्मती मागोमाग पायरीवर आला.

"तुम्हाला ठाऊक आहे, बाई. तुमच्या तोंडावर दिसतंय. ती अर्ध्या वाटेवर गेली, आता मला सांगायला काय हरकत आहे? रात्रभर झोप नाही यायची मला. सांगा ना!"

बाई वळल्या.

"सांगते की. पण मग उद्या तू शाळेत कशाला जाशील?"